गोल गाडीतली झोप

दवाखान्याच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे कडकमावशी म्हणत. चादरी कडक, जीभ त्याहून कडक. पण जमिनीखालून धावणाऱ्या गोल गाडीचा विषय निघाला की हीच बाई लोण्याहून मऊ व्हायची, आणि मग समोरच्याची सुटका नसे.

हकिगत अशी. लेक दोन वर्षांची असतानाच नवरा वारला. मायलेकी राहायच्या ती खोली निम्मीच त्यांची. उरलेली निम्मी बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या दोन बहिणींची. सकाळी लेकीला शाळेत धाडून त्या ज्या आडव्या होत, त्या संध्याकाळी सातलाच उठत. मावशीची पाळी पहाटे सुरू होऊन दुपारी संपायची, शाळा चारला सुटायची. चार ते सात हे तीन तास जायचं कुठे? गोल गाडी शहराला वळसा घालत फिरायची, तिला शेवटचं स्टेशनच नव्हतं. एका तिकिटात हवं तितकं बसा, कोणी उठवत नसे. मायलेकी रोज दोन फेऱ्या मारायच्या.

मावशी सांगायची, लेक मांडीवर डोकं टेकून गाढ झोपायची आणि गंमत म्हणजे आपलं स्टेशन आलं की पोर बरोबर जागी! "झोपेतही स्टेशन कळतं माझ्या लेकीला," हे कौतुक धुलाईखान्यातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं. सुखाचे म्हणावेत असे तास आयुष्यात तेवढेच, असंही ती म्हणायची.

आता ती निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आली होती. नात ठमी चार वर्षांची. ठमीला मांडीवर घेऊन गोल गाडीची एक फेरी मारायची, एवढीच मावशीची इच्छा. पण लेक दर वेळी काहीतरी काढायची. ठमीला खोकला आहे, गर्दी असते, पुढच्या रविवारी बघू. असे बारा रविवार गेले. लेकीचा आपल्यावर भरवसा नाही हे मावशीच्या लक्षात यायला लागलं, आणि तिला अन्न गोड लागेना.

तेराव्या रविवारी दुपारी तिने ठमीला इस्त्रीचा फ्रॉक घातला, बूट चढवले आणि कोणाला विचारलंच नाही. लेक दारात आडवी आली.

"आई, एकटीने नको नेऊस तिला."

"का? पळवून नेतेय का मी? तुला नाही त्याच गाडीत वाढवलं? मांडीवर झोपायचीस माझ्या."

"मी नव्हते झोपत, आई."

"वा! म्हणजे मी खोटं बोलते?"

"तू झोपायचीस." लेकीचा आवाज चढला नाही, त्याचीच मावशीला धास्ती वाटली. "दुसरं स्टेशन यायच्या आत तुझी मान पडायची. तुझ्या पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून मी पाट्या वाचत बसायचे. दार उघडलं की कोण आत येतंय ते बघायचे. एकदा एका बाईने विचारलं, बाळ, तुझी आई बरी आहे ना? तेव्हापासून तुझ्या नाकाखाली बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे का म्हणून. सात वर्षांची होते मी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू झोपली नसतीस. दिवसभरात तुला झोप मिळायची ती तेवढीच."

मावशीला आधी राग आला, आपलं एवढंसं सुखही हिने ओढून नेलं म्हणून. मग तिने त्या फेरीतली स्टेशनं मनातल्या मनात म्हणून बघितली. पहिली दोन आठवली. पुढचं एकही आठवेना. इतकी वर्षं त्या गाडीत बसून तिला ती स्टेशनं माहीतच नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठमी हात ओढत होती. "आजी, चल ना!"

मावशी खुर्चीवर बसली आणि तिने ठमीच्या बुटांचे बंद सोडायला घेतले. "नको गं बाळा. आजीला अजून बसल्या जागी डोळा लागतो." हे तिने आजवर डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

लेकीने "असं काही नाही गं आई, जा तुम्ही" म्हणावं, म्हणून ती दुसऱ्या बुटाशी जरा रेंगाळली. लेकीने पहिला बूट उचलून जागेवर ठेवला.