आईच्या सहीची जागा

माझ्या धाकट्या भावाला ज्यानं मारलं, त्याची आई आमच्याच घरच्या विणकामाच्या मागावर सांधणीला यायची. जुन्या बीमाचं, म्हणजे ताण्याच्या रुळाचं, सूत संपत आलं की नव्या बीमाचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचा, ही सांधणी. वडगावात तिच्याइतका बारीक हात कुणाचा नव्हता.

भांडण पिरनवाडीच्या रस्त्यावर झालं, गाडीला गाडी घासली एवढ्यावरून. भाऊ उद्यमबागेतून कामावरून परतत होता. बावीस वर्षांचा होता. समोरचा आमच्याच पलीकडच्या गल्लीतला, आणि त्याच्या खिशात चाकू होता.

खटला उभा राहिला तसं मी फाशीच्या मागणीचं निवेदन लिहिलं आणि गल्लीभर फिरून सह्या घेतल्या. सगळ्यात वरची ओळ आईसाठी सोडली. आई नुसतं "बघू" म्हणायची. त्याच आठवड्यात बीम संपलं आणि तिनं सांधणीला त्या बाईलाच बोलावणं धाडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई आली, धागा निसटू नये म्हणून बोटांना राख लावून मागाशी बसली. दुपारपर्यंत निम्मे धागे जोडून झाले. मग आईनंच विचारलं, "जेलात भेटीला गेलतीस काय?"

"व्हय आक्का, सोमवारी."

"कसा हाय?"

"लई वाळलाय. कानाजवळचं केस पिकाय लागल्यात."

आई उठून मागे परड्यात गेली. मी तिथंच उभी राहिले. हिच्या पोराचे केस पिकतात, ही ते बघून येते आणि आमच्या घरात बसून सांगते. माझ्या भावाचे केस भिंतीवरच्या फोटोत काळेच राहणार होते. खरं सांगते, निवेदनात मी चार वेळा न्याय लिहिला होता, पण मला न्यायबिय काही नको होतं. तिला भेटीचा दिवसच उरू नये, एवढंच हवं होतं.

ती गेल्यावर मी कागद आईपुढे आपटला. "कर सही. म्हंजे कळंल तिला."

"काय कळंल?"

"तुला काय झालंय ते."

आईनं कागद घडी करून बाजूला ठेवला. "मलाबी लई जळतं गं," ती म्हणाली. "तिचं ऐकलं की परड्यात जाऊन बसते, तोंड दिसू नये म्हणून. पण मला जळतं म्हणून सरकारनं तिचं पोर मारायचं व्हय? ठेवू देत त्याला आत, जन्मभर ठेवू देत. माणूस मारायचं काम त्यानं केलंय. ते आपण न्हाय करायचं."

"मग तिलाच कशाला बोलावतीस?"

"तिच्यागत सांधणारं दुसरं हाय कोण?"

मी दोन दिवस जेवले नाही, आईशी बोलले नाही. तिनं सही केली नाही. आईच्या सहीवाचून निवेदन नेऊन देण्यात अर्थ नव्हता, ते कपाटातच राहिलं. पुढे त्याला जन्मठेप झाली.

इतक्या वर्षांनंतरही बाई सांधणीला येते. आता तिला चहा मी देते आणि भेटीचंही मीच विचारते, विचारल्यावाचून राहवत नाही. परवा म्हणाली, "आता सगळंच केस पिकल्यात." मी रिकामा कप उचलला आणि मागे परड्यात गेले. आई आधीच तिथं बसली होती. तिनं सरकून मला जागा दिली.