पदराआडचं उत्तर

कोंडीबा माझा शेजारी आणि गिरणीतला गुरू. सोलापुरात तेव्हा आमच्या वस्तीचा सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे यंत्रमाग, एकदम धडधडायचे, तिथं कानाला काही कामच नसायचं. आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. कोंडीबा तर चार साच्यांपलीकडच्या माणसाला आज डब्यात काय आणलंय ते विचारायचा आणि उत्तर वाचून हसायचासुद्धा.

वीस वर्षांत त्याचे कान पार गेले. हे फक्त मला ठाऊक होतं, त्याच्या घरातही कुणाला नाही. मुकादमाला कळलं तर घरी बसवतील, म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. समोरच्याचं तोंड दिसलं की त्याचं निभून जायचं.

मग त्याच्या मुलाचं, सिदूचं, लग्न झालं आणि मोहोळची सोजर सून होऊन आली. चांगल्या वळणाची पोर. सासऱ्यासमोर पदर ओठांवर धरायची, मान खाली घालून बोलायची. त्या वळणानंच तिचा घात केला. कोंडीबाला वाटायचं, ही आपल्याला उत्तरच देत नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलो होतो. सिदू दाराशी उभा होता.

"तुजी सासू कुटं गेली?" कोंडीबानं विचारलं.

"देवळात गेल्यात, मामा," सोजर पदराआडून म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तो ओरडलाच. घाबरून तिनं पदर आणखी घट्ट धरला आणि तेच उत्तर दिलं.

"लई मिजास हाय," तो म्हणाला. "सिदू, उद्या हिला मोहोळला सोडून ये."

उत्तरं सिदूलाही ऐकू आली होती, पण त्याला वाटलं, बाप हट्टाला पेटलाय. बापाच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. तिन्ही उत्तरं मी ऐकली होती. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण शपथ होती, आणि दुसऱ्याच्या घरात कशाला तोंड घाला, असं स्वतःला समजावत मी तंबाखू तोंडात टाकली. सांगायलाही लाज वाटते.

सोजर माहेरी गेल्यावर सहा महिन्यांनी खात्यात एकानं उडत्या कापसाला कंटाळून तोंडाला फडकं बांधलं. तो कोंडीबाशी बोलत राहिला आणि कोंडीबाला काही कळेना. सुटी झाल्यावर मला म्हणाला, "पोरगी बोलत आसंल रं. मलाच दिसत नव्हतं."

रविवारी मला घेऊन तो मोहोळला गेला. सोजर पदर ओठांवर धरून दारात आली.

"पदर खाली घे, पोरी," कोंडीबा म्हणाला. "मला ऐकू येत न्हाय. चूक माजी हाय. घरला चल."

व्याह्यांसमोर हे बोलताना त्याला किती जड गेलं, ते मी बघत होतो.

तिनं पदर खाली घेतला. त्याला दिसावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलली. "तुमच्यावर राग न्हाय, मामा. तुमास्नी ऐकूच येत न्हवतं." मग तिनं माझ्याकडे हात केला. "पर ह्यास्नी येत हुतं की. हे तितंच बसलं हुतं. ऐकू येनारं मानूस बी जितं गप बसतं, तितं मी न्हाय येत."

कोंडीबानं सगळं वाचलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. मला माफी मागायची होती. पण ती त्याला कळायची तर त्यानं माझ्याकडे बघायला हवं होतं. सोलापूर येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.