वासाचा रकाना

निजामाच्या राजवटीत एके साली हिंगोलीच्या छावणीत फुलांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा बागांना गुण द्यायला विश्वंभर गुरवाला बोलावलं. चाळीस वर्षं देवाला रोज पहाटे फुलं नेणाऱ्या माणसाइतकी पारख दुसऱ्या कुणाला असणार, असं तहसीलदारसाहेबांना वाटलं. विश्वंभराच्या मात्र पाचव्या बागेपाशी पायांचे तुकडे पडले होते. सगळ्या बागा सारख्याच. चुना फासलेल्या विटा, मधोमध गुलाब, अन् बाजूला हात बांधून उभा मालक.

कारकुनानं कागद पुढं केला. "नाना, वासाचा रकाना कोराच हाय. हुंगली न्हाईत फुलं?"

"हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई. मला सवयच न्हाई."

"हितं कुठं देव हाय? हुंगा की! साहेब खोळंबलेत."

विश्वंभर वैतागून वाकला, एक गुलाब हुंगला, अन् बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "समद्यांना पैकीच्या पैकी लिवा." मालकाला विचारून त्यानं ते फूल खुडलं अन् घर गाठलं.

त्याची बायको अनुसूया सांजेचा हार ओवत बसली होती. जन्मभर तिनं हार ओवले, पण केसांत कधी एक फूल माळलं नव्हतं. त्यानं फूल पुढं धरताच तिनं हात मागं घेतला.

"देवाचं हाय ना?"

"न्हाई. हुंगलंय मी. आता देवाला चालत न्हाई, म्हणून तुला आणलं."

अनुसूयेनं फूल घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"चाळीस वर्सांत," ती म्हणाली, "चुकून एक बी हुंगलं न्हाई व्हय तुमी?"