डब्बा ज्याचा असन त्यानं घेऊन जावा

सौंसरच्या बसस्टँडसमोर वामन सोमकुंवरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि टेबलामागे वामन. उंचीच्या बाबतीत तो नावाला जागलेला माणूस, त्यामुळे गिऱ्हाइकाला आधी टेबल दिसतं, मग सोल्डरचा धूर, आणि धुरातून आवाज येतो, "काय बिघडलं?"

कूलर, मिक्सर, स्टॅबिलायझर यांच्यावर त्याचं घर चालतं. जीव मात्र अडकलाय व्हॉल्व्हच्या गिटार-अ‍ॅम्पमध्ये. गिटारच्या तारेचा आवाज मुळात डासाएवढा. तो मोठा करून स्पीकरला द्यायचं काम हा अ‍ॅम्प करतो, आणि जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, पोटात तापवून करतो. तालुक्यात हे काम येणारा वामन एकटाच. ज्यांना ते हवंय अशी माणसंही फार नाहीत. खरं तर एकच: पांढुर्ण्याची दीपाली, शाळेत मास्तरीण आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटारवर.

तिच्यासाठी वामननं पहिला अ‍ॅम्प बनवला तेव्हा त्याचा सांगाडा सूर्यफूल तेलाच्या पंधरा किलोच्या डब्ब्यातून कापला होता. वरून काळा रंग मारला, पितळी कोपरे लावले. बाहेरून कोणाला कळलं नसतं. आणि घोळ इथूनच सुरू झाला.

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला पांढुर्ण्यात जयंतीचा मोठा कार्यक्रम. साऊंड होता तिथल्याच भगवंतरावांचा. भगवंतराव म्हणजे चार ट्रक भोंगे, दोन जनरेटर आणि एक तोंड. यातलं सर्वात दणकट काय, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. दीपाली साडी बदलून येईपर्यंत त्यांनी वामनचा अ‍ॅम्प स्टेजवरून उचलून पायरीपाशी ठेवला होता आणि त्यावर चहाची किटली. मग माईक हातात घेतला. हरवलेल्या पोराची सूचना देतात ना, अगदी त्या सुरात म्हणाले:

"एक सूचना. स्टेजपाशी एक डब्बा सापडला हाय. ज्याचा असन त्यानं घेऊन जावा. आत खायचं काही नाही, पाहून झालं."

हजार-दीड हजार माणूस हसला. वामन शेवटच्या रांगेत बायकोसोबत, उर्मिलासोबत, बसला होता. तिथून स्टेजपर्यंत तो चालत गेला, किटली खाली ठेवली, अ‍ॅम्प छातीशी धरला आणि तसाच परत आला. रस्त्यात कोणीतरी विचारलं, "भाऊ, टिफिन भेटला का?"

आता कोणी खोटा आळ घेतला तर माणूस भांडू शकतो. पण तो डब्बाच होता, झाकणाच्या आतल्या बाजूला तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल अजून शाबूत होतं. खऱ्या गोष्टीवर भांडायची सोय नसते. त्या दिवसापासून सौंसरमध्ये त्याचं नाव 'डब्बा' पडलं. मिक्सर दुरुस्तीला आणणाऱ्या बाया शटरपाशी विचारू लागल्या, "डब्बाभाऊ हाय का?"

वामननं एक सूचना लिहून काढली. कॅलेंडरच्या पाठीवर, सुवाच्य अक्षरात. 'एक सूचना. स्टेजपाशी एक महागडी पेटी सापडली आहे. ज्याची असेल त्यानं घेऊन जावी. आत आवाज नाही, पाहून झालं.' ही सूचना एक दिवस भगवंतरावांना, माईकवरून, भरल्या लोकांत ऐकवायची. मोटरसायकलवर तो ती पाठ करायचा. हेल्मेटच्या आत ती फार छान वाजायची.

दिवाळीच्या आधी भगवंतरावांनी आपणहून मान पुढे केली. त्यांनी परदेशी बनावटीचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मागवला, एक लाख चाळीस हजारांचा, आणि त्याला हार घालून काढलेला फोटो कलावंतांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'याला म्हणतात अ‍ॅम्प. बाकी सगळे डब्बे.'

वामननं उत्तर लिहिलं, 'पडद्यामागून वाजवू द्या. एक नंबर, दोन नंबर. लोकच सांगतील.'

'कुठंही, कवाही,' भगवंतरावांनी लिहिलं. या दोन शब्दांचा वामनला पुढे फार उपयोग झाला.

तो महागडा अ‍ॅम्प सरावासाठी दीपालीच्या घरी ठेवला होता, कारण सामन्यात दोन्हींवर तीच वाजवणार होती. प्लग तपासायच्या निमित्तानं वामन गेला आणि मागची फळी उघडून पाहिली. नळ्या तीनच, त्याच्यासारख्याच. तारांचा नकाशाही तोच. फरक होता तो ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात, स्पीकरच्या कागदात आणि लाकडात. वामनचा ट्रान्सफॉर्मर जळक्या स्टॅबिलायझरच्या पत्र्यांवर हातानं गुंडाळलेला. सगळं मिळून अकरा हजारांचं काम, त्यात मजुरी धरलेली नाही.

"वाजव," तो दीपालीला म्हणाला.

तिनं एकच कॉर्ड वाजवला. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, प्रत्येकीला बसायला आपली खुर्ची. वामनच्या अ‍ॅम्पमध्ये त्याच सहा तारा रामाकोना गावाला जाणाऱ्या ऑटोत बसल्यासारख्या एकमेकींच्या मांडीवर असायच्या. तो परत आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

"का झालं?" उर्मिलानं विचारलं.

"चांगला हाय वो तो."

"मंग सोडून दे ना नाद."

"डब्बा म्हणलं त्यानं मले."

"तवा बोलला, विसरला."

"तो विसरला असन. मी कायले विसरू?"

सरळ सामन्यात आपण हरणार, हे वामनला कळलं होतं. म्हणून त्यानं सामना वाकडा करायचं ठरवलं. लोखंड, कागद आणि लाकूड भगवंतरावांचं होतं, पण वीज तर सौंसर तालुक्याची होती ना. आणि तिचा नखरा वामनइतका कोणालाच ठाऊक नव्हता. पंचवीस वर्षं तो तिनं जाळलेल्या वस्तूच दुरुस्त करत होता.

जानेवारीच्या सुरुवातीला संत्र्याच्या आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याला, झाडांचा पाण्याचा ताण तोडून पहिलं पाणी देतात. गव्हालाही तेव्हाच लागतं. रामाकोन्याकडे त्या आठवड्यात दुपारी चारला थ्री फेज आली, की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम ओढू लागतात आणि घरातला दोनशे तीसचा व्होल्टेज एकशे साठवर बसतो. पंखा आपली पाती मोजायला देतो. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झाल्यापासून तिथल्या माणसाला ही गोष्ट आठवत नाही, त्यात भगवंतराव तर जनरेटरवर जगणारे. वामननं तारीख सुचवली तीन जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, आणि जागा रामाकोन्याचं विहार. वेळ साडेतीन. गावातला छोटा कार्यक्रम, जनरेटरची कटकट नको, हेही त्यानंच सुचवलं. 'कुठंही, कवाही' म्हणणारा माणूस नाही कसं म्हणणार?

मधल्या काळात वामननं आपल्या अ‍ॅम्पच्या पोटात चार रिलेचा छोटा स्टॅबिलायझर बसवला. व्होल्टेज पडला, की आत 'खट्' व्हायचं आणि नळ्यांना पोटभर वीज मिळायची. महागड्या अ‍ॅम्पला अशी सोय नव्हती. ज्यानं तो बनवला त्याच्या गावात बहुधा संत्री होत नसावीत.

विहारात स्वतःचा एक मोठा स्टॅबिलायझर होता, वामननंच दुरुस्त करून दिलेला. तीन तारखेला वामन सर्वांत आधी पोचला. त्यानं तो स्टॅबिलायझर बोर्डापासून काढला, भिंतीपाशी सरकवला, वर पोतं टाकलं आणि त्यावर बसला.

बरोबर साडेतीनला चादरीमागे दीपालीनं पहिली चाल वाजवली. आधी एक नंबर, मग तीच चाल दोन नंबरवर. एक नंबर वामनचा, पण हे तिला आणि त्यालाच माहीत. दोन नंबर वाजला आणि समोर बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. शांताबाई, गावातली सर्वांत म्हातारी बाई, मान हलवून म्हणाली, "हा दुसरा गोड हाय माय." टाळ्या पडल्या. वामननं घड्याळ पाहिलं. भगवंतरावांचा पत्ता नव्हता. ते सौंसरमध्ये कोणाकडे तरी जेवत होते.

भाषणं झाली. चारला पाच मिनिटं असताना बाहेर गाडी थांबली आणि भगवंतराव दात कोरत आत आले. सरळ पहिल्या रांगेत बसले. चार वाजले. ट्यूबलाइट एकदा फडफडली, पंखा दमला. दूर शिवारात एकामागून एक मोटरी सुरू झाल्या. चादरीमागे 'खट्' झालं.

दीपालीनं दुसरी चाल धरली. एक नंबर जसाच्या तसा, ऑटोत कोंबलेला का होईना, पण ठणठणीत. दोन नंबर मात्र घशात कापूस गेल्यासारखा. सूर निघायचा आणि अर्ध्या वाटेत बसून घ्यायचा.

"याले बुखार आला का वो?" शांताबाई म्हणाली.

हसू पिकलं. भगवंतरावांना सकाळपासून हवी होती ती संधी समोर चालत आली. पहिली चाल त्यांनी ऐकली नव्हती. दोन नंबर खोकतोय म्हणजे तो वामनचाच, यात त्यांना शंका कसली. ते उठले, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईच्या हातून माईक घेतला, आणि तोच सूर लावला:

"एक सूचना. दोन नंबरचा डब्बा ज्याचा असन त्यानं घेऊन जावा. म्हणलं होतं ना मी, आत काही नाही."

दीपालीनं चादर बाजूला केली.

'दोन नंबर' लिहून चिकटवलेल्या कागदाखाली ती परदेशी पेटी होती. पितळी नाव चकचकत होतं, वर दिवाळीचा वाळलेला हारही तसाच.

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "काकाजी, टिफिन तुमचाच हाय." आणि अख्खं विहार हसलं. शांताबाईला उशिरा कळलं, म्हणून ती उशिरापर्यंत हसत राहिली. भगवंतराव माईक हातात धरून उभे. शेवटी त्यांनी माईक खाली ठेवला, पुढे झाले, पेटी उचलली, छातीशी धरली. बरोबर तशीच, वामननं धरली होती तशी.

वामनच्या खिशात सूचना होती, घडी घातलेली. वाचायची वेळच आली नाही. साडेआठ महिने पाठ केलेलं वाक्य त्या माणसानं स्वतःच बोलून टाकलं होतं, आणि ते जास्त चांगलं झालं होतं. त्याला निदान एवढं पाहायचं होतं, की भगवंतराव दारातून बाहेर पडताना, गाडीत पेटी ठेवताना कसे दिसतात. सगळे लोक ते पाहायला उठले. वामन बसूनच राहिला. उठला असता तर पोतं सरकलं असतं.

"अरे वामनभाऊ, या ना पुढं!" सूत्रसंचालन करणारी बाई बोलावू लागली. "सत्कार हाय तुमचा."

"पायाले मुंग्या आल्या," वामन म्हणाला.

मग शाल त्याला बसल्या जागीच घालण्यात आली. गुच्छ दिला, फोटो निघाला. त्या फोटोत तो एखाद्या गादीवर बसल्यासारखा दिसतो, आणि खाली पोत्यातून एक वायर बाहेर आलेली दिसते. अजून कोणी ती झूम करून पाहिलेली नाही.

बाहेर गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला. दीपाली गिटार पिशवीत भरून त्याच्यापाशी आली.

"काका, पहिल्या चालीत तुमचा हरला होता."

"मालूम हाय."

"आणि आत ते खट् काय झालं?"

वामननं शालीचं टोक पोत्यावर ओढलं. तिनं पोत्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं.

"उठा आता, सगळे गेले."

"तो गेला का? पक्का?"

"गेला."

"पेटी कुठं ठेवली त्यानं? मागच्या सीटवर का डिक्कीत?"

"मांडीवर," दीपाली म्हणाली.

वामननं डोळे मिटले आणि शाल नीट अंगाभोवती ओढून घेतली. तो अजून थोडा वेळ बसून राहिला.