आतून लागलेली कडी

लेक सई परवा हिंजवडीला राहायला गेली. तिची खोकी बांधताना चिकटपट्टीचा उग्र वास आला आणि मी एकदम ती लहान असतानाच्या आमच्या हडपसरच्या नव्या फ्लॅटमध्ये जाऊन उभी राहिले.

सामान नुकतंच वर आलं होतं. कपाट कुठे ठेवायचं यावरून मी आणि नवरा भांडत होतो. तेवढ्यात बाथरूमचं दार आपटलं आणि आतून कडी लागली. आत अडीच वर्षांची सई एकटी होती आणि बादलीत नळाचं पाणी पडत होतं.

"सई, कडी काढ!" मी दार बडवत ओरडले. ती घाबरून किंचाळायला लागली. नवरा हातोडीसाठी एकेक खोकं फाडत सुटला.

आवाज ऐकून शेजारच्या तांबोळीकाकू आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "ओरडून दार उघडत नसतं," त्या मला म्हणाल्या आणि फरशीवर बसून त्यांनी दाराशी तोंड नेलं. "सई, बाहेर मांजर आलंय बघ. ती चकचकीत दांडी आहे ना, ती धर आणि ओढ."

रडणं थांबलं. पाणी पडतच होतं. मग कडी खरखरली, आणि ओल्या फ्रॉकनिशी सई बाहेर येऊन मांजर शोधू लागली.

काकूंनी घरून चहा आणला. "घ्या. कपाट कुठे पळून जात नाही." किती कोरडी बाई, असं तेव्हा वाटलं होतं. आता मात्र आठवतं, चहा देताना त्यांच्या हातातला कप बशीवर सारखा वाजत होता.