बोंबलाच्या फोटोखालचा आकडा
सुक्या बोंबलाचा वास आला की मला बोईसरचा तो हॉल आठवतो. चिंचणीच्या मासळीवाल्या बायकांच्या गटाला मासळी सुकवायला सिमेंटचे ओटे हवे होते आणि त्यासाठी अधिकाऱ्यांपुढे पाच मिनिटं बोलायचं होतं. मी कारखान्यातून निवृत्त झालेला, म्हणून त्यांना स्लाइड बनवून दिल्या, आणि वेळ कळावी म्हणून बोंबलाच्या फोटोखाली उलटा टायमर लावला, तीनशे सेकंदांपासून खाली येणारा. गटाची प्रमुख बोलायला उभी राहिली, पडद्याकडे वळली आणि थबकली. "काका, आमचा भाव कोन पाडतंय?" ती मला म्हणाली. कसला भाव, मला काही उमगेना. तोवर आकडा अडीचशेच्या खाली गेला आणि ती अधिकाऱ्यांकडे वळली. "अवो सायेब, आमचा माल काय रस्त्यावर पडलाय? याच्या खाली नाय देनार!" सगळा हॉल हसला. ती रागानं बायकांना घेऊन निघून गेली आणि ओटे दुसऱ्या गावाला मिळाले. तिच्या भांडखोरपणामुळे ते गेले, असं गावात अजून बोलतात. तसं नाही. तो आकडा मी लावला होता आणि तो कशाचा, हे तिला सांगितलंच नव्हतं. पण सगळे हसले तेव्हा मीही का हसलो, हे मला आजही कळत नाही.