अण्णांना मत देऊ नका

बंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या भागात रहिवासी संघ दर वर्षी एक बक्षीस देतो, वर्षातल्या उत्तम खेळाडूचं. निवड कुणी पंच करत नाहीत, लोकच करतात. संघाच्या ग्रुपवर लिंक येते, पंधरा दिवस मतदान चालतं आणि कुणाला किती मतं पडली ते सगळ्यांना फोनवर सतत दिसत राहतं. त्या वर्षी शेवटच्या यादीत दोनच नावं उरली होती. एक मागच्या गल्लीतली एकोणीस वर्षांची मुलगी. ती बॉल बॅडमिंटन खेळते, लोकरीच्या पिवळ्या चेंडूने, आणि राज्याच्या संघातून खेळून आली होती. दुसरे माझे सासरे.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, मीही. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. घरात मराठीच, पण तिच्यात ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘सरी’ म्हणजे बरं, असे कानडी शब्द इतके मुरलेले की लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा पहिले काही महिने मी जेवताना नुसती मान हलवायचे. अण्णांनी सगळी उमेदीची वर्षं कापडाच्या दुकानात उभं राहून काढली. शाळेत ते फार छान धावायचे म्हणे. मग दुकान आलं आणि धावणं संपलं. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी एक दिवस बूट आणले आणि बागेला फेऱ्या मारायला सुरुवात केली. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि शहरात कुठे दहा किलोमीटरची शर्यत असली की नाव नोंदवायचे. त्यांचं बघून आमच्या रस्त्यावरची निम्मी माणसं सकाळी घराबाहेर पडायला लागली होती.

कोपऱ्यावरच्या बेकरीत खारा बन खाता खाता लोक या निवडीवरून तावातावाने भांडत. आमचे एक शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, त्या मुलीच्या बाजूचे.

“पोरगी राज्यासाठी खेळली. आणखी काय करायला हवं तिने?”

“तिला पुढे ढीगभर पदकं मिळतील हो,” माझा नवरा म्हणायचा. “अण्णांनी इतक्या लोकांना अंथरुणातून उठवलं, त्याचं पदक कोण देणार?”

“मग समाजसेवेचं बक्षीस द्या. हे खेळाचं आहे.”

मला तेव्हा या सगळ्याची गंमतच वाटायची. मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात माझ्या टीमला लिंक पाठवली. नवऱ्याने हुबळीपासून पुण्यापर्यंत एक नातेवाईक सोडला नाही.

मतदानाच्या चौथ्या दिवशी सकाळी मी कोथिंबीर आणायला निघाले होते. बागेच्या मागच्या अंगाला रस्ता थोडा चढाचा आहे. तिथे विजेच्या खांबाला एक हात टेकून अण्णा उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी जबडा धरला होता. चेहरा राखेसारखा, आणि हवा गार असूनही कपाळावरून घाम ओघळत होता.

“अण्णा, काय होतंय?”

“काही नाही गं. दाढ दुखते. चढावर आलं की ठणकते. स्वल्प थांबलं की जाते.”

दाढेला चढ कसा कळतो, असं मी विचारलं नाही. माझ्या वडिलांचा खांदा आठ दिवस दुखत होता आणि आम्ही त्यावर बाम चोळत होतो. नवव्या दिवशी ते हार्ट अटॅकने गेले.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हणाले.

“मतदान संपू दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो.”

“अण्णा!”

“हे बघ, बाळ. मी साडी दाखवणारा माणूस. आयुष्यात कुणी मला टाळ्या वाजवल्या नाहीत. आता कळलं की म्हातारा आजारी आहे, तर लोक म्हणतील, अरे राम, आणि मत तिला टाकतील. त्यांचं काही चुकणार नाही. पण एवढे दिवस जाऊ दे. त्याला सांगू नकोस.”

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ते कधी काही मागत नसत, हे एक. आणि दुसरं, मी नाही म्हणाले असते तर ते तिथेच, त्या चढावर, माझ्याशी वाद घालत उभे राहिले असते, आणि मला त्याचीही भीती वाटली.

तिथून माझे दिवस वेगळे झाले. फोनवर अण्णांची मतं वाढली की मला धास्ती वाटायची, कारण मतं वाढली की ते फेऱ्या वाढवायचे. “लोक बघतात ना,” म्हणायचे. सहाच्या आठ झाल्या, आठाच्या नऊ. नवरा सकाळी चहा घेताना आकडे वाचून दाखवायचा आणि मी फाटकाच्या कडीकडे कान लावून बसायचे. कडी वाजली की उठून त्यांचा चहा ठेवायचे. दुपारी ते खुर्चीत डुलकी काढत तेव्हा मी काम टाकून येऊन त्यांची छाती वरखाली होते का ते बघायचे. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि आम्ही दोघंही ओशाळलो.

ऑफिसला जायच्या दिवशी तर हाल. बेळ्ळंदूरहून घरी यायला रिंग रोडवर दोन तास सहज जातात. मी मीटिंगमध्ये बसून मनात रस्ता मोजायचे, आता फोन आला तर किती वाजता पोचेन. एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला. कुरियरवाला होता, पार्सल ऑफिसच्या सिक्युरिटीकडे ठेवू का विचारत होता. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी त्यानेच “सरी मॅडम, ठेवतो” म्हणून फोन ठेवला.

मतदान संपायच्या आदल्या संध्याकाळी बागेतल्या मंडपात सभा असते. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बोलतो. आमच्याकडून बोलायचं काम नवऱ्याने माझ्यावर टाकलं.

“मी मुलगा, मी कौतुक करणारच. सून बोलली की वजन येतं.”

भाषण कन्नडमध्ये करायचं होतं. मी शेजारच्या अक्कांच्या मदतीने एक पानभर मजकूर देवनागरीत लिहून घेतला होता. त्याच दिवशी सकाळी मी गच्चीवरून पाहिलं होतं, अण्णा एका फेरीत दोनदा थांबले. दोनदा जबड्याला हात.

आधी बँकवाले काका त्या मुलीबद्दल बोलले. ती पहिल्या रांगेत किटबॅग पायांशी घेऊन बसली होती आणि स्वतःचं कौतुक ऐकताना जमिनीकडे बघत होती. मग मी उठले. समोर अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. त्यांनी मला हसून मान डोलावली. हातातला कागद मला दिसत होता, पण वाचता येईना. भाषण मराठीत असतं तर मी आडून आडून काहीतरी बोलले असते. कन्नडमध्ये मला आडून बोलता येत नाही, माझ्याकडे तेवढी वाक्यंच नाहीत.

“मावनवरिगे वोट हाकबेडी,” मी म्हणाले. सासऱ्यांना मत देऊ नका.

मंडपात कुणीतरी हसलं, थट्टा आहे असं वाटून. मी पुढे बोलत गेले. ती मुलगी खरी खेळाडू आहे. तिने मेहनत केली आहे. सासऱ्यांचं वय झालं आहे, त्यांनी आता पळू नये. बक्षीस तिलाच द्या. चार-पाच ओबडधोबड वाक्यं, बस. हसणं थांबलं. नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी कुणी परकी बाई आहे.

अण्णा उठले. कुणाकडे न बघता मंडपातून बाहेर पडले आणि चालू लागले, भराभर, अगदी शर्यतीतल्यासारखे, आणि नेमके मागच्या चढाच्या रस्त्याने.

मी मागे धावले. हाक मारायची हिंमत होईना. हाक मारली तर ते आणखी वेगाने चालतील, नाही मारली तर थांबणार नाहीत. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ तेवढी दिसत होती. मला एकच कळत होतं, की आज काही झालं तर ते मी केलेलं असेल. रोग निमित्ताला, मारणारी मी.

खांबापाशी ते थांबले. हात जबड्याकडे गेला, मग छातीवर आला, आणि ते हळूच फुटपाथच्या कडेला बसले.

“जा तू,” माझ्याकडे न बघता म्हणाले. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “या वेळी थांबलो तरी जात नाही गं.”

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने एकदा अण्णांकडे पाहिलं आणि मीटरला हातही न लावता गाडी सोडली. सिग्नलला गर्दी होती. मी अण्णांचं मनगट धरून नाडी शोधत होते, सापडायची, हरवायची. मी मोठमोठ्याने काहीबाही बोलत होते. अण्णांनी डोळे मिटले की मी आणखी मोठ्याने बोलायचे. मध्येच ते म्हणाले, “ओरडू नकोस, ऐकू येतंय,” आणि तेवढ्या चिडलेल्या आवाजाने मला धीर आला.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. नवरा स्कूटरवरून पोचला तेव्हा मी बाकावर बसले होते. खांब, दाढ, दिलेला शब्द, सगळं त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मला सांगायचं होतंस.”

दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. त्या संध्याकाळीच स्टेंट बसवले. आणखी काही दिवस असेच पळत राहिले असते तर बागेतच कोसळले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मतदान संपलं. अण्णा जिंकले होते. बऱ्याच मतांनी. भर सभेत सुनेने अपमान केलेल्या म्हाताऱ्यासाठी सगळा मोहल्ला हळहळला होता. नवऱ्याने आयसीयूत भेटीच्या वेळी हळूच सांगितलं. अण्णांनी मान माझ्याकडे वळवली.

“तू नको म्हणालीस म्हणून एवढी मतं पडली,” ते म्हणाले. ते हसत होते की नाही, नळ्यांमुळे कळलं नाही.

बक्षीस द्यायला संघाची माणसं घरी आली, त्यांच्याबरोबर ती मुलगीही. अण्णांनी बक्षीस दोन्ही हातांनी घेतलं, आणि टाळ्या संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. मोठेपणाने तिला देऊन टाकलं, असं काही झालं नाही. त्यांना ते हवं होतं. जाताना फाटकापाशी ती मुलगी मला म्हणाली, “अक्का, थँक्स. त्या दिवशी तुम्ही माझ्या खेळाबद्दल बोललात.”

मला मान वर करता येईना. तिच्या खेळाबद्दल मला काय माहीत होतं? मी तिला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. मी माझ्या भीतीला तिचं नाव दिलं होतं, आणि त्याच भाषणाने तिची मतं घालवली होती.

“तुझी पुढची मॅच कधी आहे?” मी विचारलं.

दोन महिन्यांनी मल्लेश्वरमला तिचा सामना होता. अण्णा म्हणाले, मीही येतो. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली होती, तरी मैदानाच्या दारापासून खुर्चीपर्यंत मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे होते. खेळ विलक्षण वेगाचा होता. ती मागच्या रांगेत उभी राहून चेंडू असा उचलायची की आजूबाजूची माणसं ‘अब्बा!’, म्हणजे ‘बाप रे!’, म्हणून ओरडत. अण्णाही ओरडले, अर्धवट उठून. मी त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघितला, कपाळ बघितलं, जबडा बघितला.

“चेंडू तिकडे आहे,” अण्णा म्हणाले. “मला काय बघतेस?”

मी मान वळवली. तेवढ्यात तिचा पॉइंट झाला होता, आणि तो माझा बघायचा राहिला.